ताटीचं दुसरं टोक

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. एक मोठं सपाट मैदान डोळ्यांपुढे आणा. झाड नाही, गवत नाही. मातीच्या बुटक्या बांधांनी त्याचे चौकोन चौकोन केलेले आहेत आणि प्रत्येक चौकोनात घोटाभर समुद्राचं पाणी सोडलेलं आहे. ऊन तापतं, पाणी आटतं आणि तळाशी काहीतरी पांढरं चमकायला लागतं. आमटी अळणी झाली की आपण जे मागतो ना, तेच. मीठ.

आता त्या पाण्यात उतरा. अनवाणीच उतरा, कारण चप्पल तिथे महिनाभरही टिकत नाही. मीठ चपलेला खातं. ते पायालाही खातं, पण पाय काही पुन्हा विकत आणावे लागत नाहीत, असं टिटवीचा बाप म्हणायचा.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. काटक्यांसारखे पाय, पाण्याच्या कडेनं पळत राहायची सवय आणि कुणी जवळ आलं की आधी ओरडायचं, मग बघायचं, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणायचे. पाऊस संपला की तिचे आईबाप डोंगरापलीकडून मिठागरावर यायचे आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की परत जायचे. बांधाला लागून खोल्यांची एक रांग होती. तिथे सगळी डोंगरापलीकडचीच माणसं राहायची. घरात त्यांची बोली वेगळी, बाजारात वेगळी. टिटवीला दोन्ही यायच्या. भांडताना मात्र ती घरचीच वापरायची.

काम असं असायचं. लांब दांड्याची लाकडी फळी घ्यायची आणि वाफ्याच्या तळातलं मीठ ओढत ओढत कडेला आणायचं. फळी ओढताना सगळे मिळून एक गाणं म्हणायचे, म्हणजे हात एकदम चालायचे. कडेला आलेल्या मिठाची रास घालायची. ती रास गाडी येईपर्यंत तशीच बांधावर उभी. हंगामभराची मजुरी त्या राशीवर ठरायची. आणि राशीला भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. ज्या पाण्यातून ती आली त्याच पाण्यानं ती जायची. अवकाळी सर आली तर बघता बघता माणसाएवढी रास गुडघ्याएवढी व्हायची.

म्हणून प्रत्येक राशीशेजारी ताट्या रचलेल्या असायच्या. ताटी म्हणजे बोरूच्या काड्या दाट विणून केलेलं, दारापेक्षा मोठं झाकण. एकट्यानं उचलायला जावं तर वारा ताटीसकट माणसाला घेऊन जाणार. दोन टोकांना दोघं लागायचेच.

आणि म्हणूनच होती हाक. आभाळ फिरलंय असं दिसलं की एक बाई बांधावर उभी राहून हाक द्यायची. खालून सुरू होऊन वर चढत जाणारे, मग एकदम तुटणारे ते सूर. ते ऐकले की हातातली फळी टाकायची, तोंडातला घास टाकायचा आणि ताटीकडे धावायचं. वर बघायचं नाही, विचारायचं नाही. हाक देणारी बाई त्या वर्षी टिटवीची आई होती. सासूनं मरताना तिला दागिना दिला नव्हता, ही हाक दिली होती.

"मला शिकव ना," टिटवी दर हंगामात म्हणायची.

"ताटीचं टोक उचलून दाखव, शिकवते," आई म्हणायची. "ज्याला हाक येते त्यानं ताटी उचलायची. नुसतं येऊन चालत नाही."

टिटवीनं दोनदा उचलून बघितलं होतं. दोन्ही वेळा ताटी जागेवर राहिली आणि टिटवीच मागे जाऊन पडली. पण हाक काही शिकवायची गोष्ट नव्हती. कान असलेल्या पोरीला ती आपोआप आली होती. फक्त ती कधी म्हणायची नाही. आईसुद्धा चुलीपाशी बसून चुकून गुणगुणत नसे.

मिठागरावरून चढण चढून गेलं की गावाच्या तोंडाशीच कलामंदिर होतं. उंच खिडक्या, आत लाकडी जमीन, बसलं की खाली पडणाऱ्या आणि उठलं की फाटकन मिटणाऱ्या खुर्च्या. तिथे मुलांचं गायनपथक होतं. त्यात गावातलीच मुलं असायची. बाहेरची नकोत असा काही नियम नव्हता. नियम करायची वेळच कधी आली नव्हती, इतकंच.

त्या वर्षी नव्या गाणेबाई आल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "खिडकीतून खाली माणसं दिसतात, ती कोण?"

"मिठागरवाले," कलामंदिराचे अध्यक्षसाहेब म्हणाले. "हंगामी आहेत."

"त्यांना मुलं आहेत?"

"असणारच. त्याला हंगाम कुठे लागतो!"

सगळे हसले, बाई हसल्या नाहीत. आठवड्याभरात टिटवी कलामंदिरात होती.

पहिल्या दिवशी ती धावत आत शिरली आणि मागे बघितलं तर लाकडी जमिनीवर तिच्या पावलांचे पांढरे ठसे उठले होते. दारापासून थेट तिच्यापर्यंत. पाय धुऊन आली होती, तरी मीठ भेगांतून निघतच राहायचं. पहारेकरी ओलं फडकं घेऊन तिच्या मागोमाग पुसत आला. मुलं आधी ठशांकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिली. तेव्हापासून टिटवी आत आली की टाचा उचलून चालायची.

बाईंनी ठरवलं होतं की वार्षिक कार्यक्रमात या वेळी सगळ्यांची गाणी व्हायची. कुणी आजीकडून गाणं आणलं, कुणी न्हाव्याकडून, कुणी कोळणीकडून. टिटवीची पाळी आली तेव्हा तिनं फळी ओढायचं गाणं म्हटलं. त्यात शब्द थोडे, हुंकारच फार. "हें हें हेंय्या" असं मध्ये मध्ये. फळी हातात असली की ते हुंकार कामाचे वाटतात. रिकाम्या हातांनी म्हटलं तर पोट दुखत असल्यासारखं वाटतं.

औषधवाल्याची मुलगी पहिली फिसकन हसली. मग सगळी रांग हसली. पेटीवाले काकासुद्धा तोंडावर हात ठेवून खोकल्यासारखं करू लागले.

टिटवीचे कान तापले. "हे नाही," ती म्हणाली. "आमच्यात दुसरं आहे."

आणि तिनं हाक म्हटली.

आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण सूर वर चढायला लागला तसं हसणं एकेकाच्या तोंडावरच थांबलं. उंच छतानं तो सूर झेलला आणि मोठा करून परत दिला. तो तुटला तेव्हा कुणी हललं नाही. पहारेकऱ्याचं फडकंसुद्धा हातातल्या हातात राहिलं.

"हेच," बाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या हातावर काटा आला होता. "कशाचं गाणं आहे गं हे?"

"ढगांचं," टिटवी म्हणाली. खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच औषधवाल्याची मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली.

पुढचे दिवस टिटवीचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी आईबरोबर फळी ओढायची, दुपारी चढण चढून तेच सूर म्हणायचे, संध्याकाळी आईच्या डोळ्यांत न बघता जेवायचं. हाकेत "उठा, धावा" असे घरच्या बोलीतले शब्द होते, ते बाईंनी तिला विचारून ठेवले होते. पण अध्यक्षसाहेब म्हणाले, कळणार कुणाला? मग कुणीतरी गावच्या भाषेत "मेघा रे मेघा" असं काहीतरी बसवून दिलं. टिटवीला तेवढाच आधार वाटला. शब्द बदलले म्हणजे ती हाक थोडीच राहिली, असं ती स्वतःला सांगायची.

हंगामही त्या वर्षी सरळ नव्हता. उन्हाळ्याच्या ऐन मध्यात आभाळात कापसासारखे पुंजके जमायचे, तासभर थांबायचे, निघून जायचे. आई फळी ओढता ओढता मान वर करायची. तिच्या मानेची शीर ताठ झालेली टिटवीला दिसायची.

एक दिवस गाणेबाई स्वतःच बांधावर आल्या. पाय घसरून एक चप्पल चिखलात रुतली, ती काढायला वाकल्या तर दुसरी रुतली. टिटवीचा बाप धावला.

"राहू द्या बाई. मिठागराला चप्पल द्यावीच लागते. आम्ही सगळ्यांनी दिल्यात."

बाई हसत हसत अनवाणीच उभ्या राहिल्या. "कार्यक्रमाला तुम्ही सगळ्यांनी यायचं. तुमच्या मुलीनं शिकवलेलं गाणं आहे शेवटी. तिसरी रांग ठेवली आहे तुमच्यासाठी."

आईनं ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. "कुठलं गाणं शिकवलं हिनं?"

"फळीचं!" टिटवी मध्येच ओरडली. "आई, फळीचं गं."

बाईंनी तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. पण तेवढ्यात मुकादम आला, नमस्कार-चमत्कार झाले आणि ते तसंच राहून गेलं.

"ते गाणं? मोठ्या लोकांसमोर?" बाई गेल्यावर आई लाजली. पण त्या दुपारी तिची फळी हलकी चालत होती. रात्री तिनं स्वच्छ लुगडं काढून उशाखाली घडी घालून ठेवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मिठागरावरची झाडून सगळी माणसं पाय घासघासून कलामंदिराच्या दारात आली. तिसऱ्या रांगेत कुणाकुणाचे पाहुणे बसले होते. एका स्वयंसेवकानं गोड बोलून त्यांना अगदी मागे, दाराजवळ नेलं. "इथून वारा चांगला येतो," तो म्हणाला. खुर्च्यांची सवय नसल्यानं दोघंतिघं बसायला गेले आणि जमिनीवर आपटले. शेजारच्या खोलीतले डुलकीकाका मात्र बरोबर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. हा माणूस फळी धरून उभ्यानंही झोपायचा, पण हाक ऐकली की सगळ्यांच्या आधी ताटीपाशी असायचा.

टिटवी रंगमंचावर पहिल्या रांगेत होती. दिव्यांमुळे तिला समोरचं काही दिसत नव्हतं. ते तिला बरंच वाटत होतं. न्हाव्याचं गाणं झालं, कोळणीचं झालं. मग पेटी थांबली आणि मुलांनी खालचा सूर धरला.

सूर चढायला लागला.

अंधारात मागे कुठेतरी एक खुर्ची फाटकन मिटली. ते डुलकीकाका होते. मग दुसरी मिटली. मग एकदम सगळी रांग, फाट फाट फाट. दार धाडकन उघडलं, उजेडाचा चौकोन आत पडला आणि त्या उजेडात टिटवीला आईचं स्वच्छ लुगडं दिसलं. गुडघ्यांपर्यंत खोचून आई धावत होती. तिच्या मागे बाप, त्याच्या मागे सगळे. उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला तशाच राहिल्या.

सभागृहात खसखस पिकली. "आवडलं नाही वाटतं!" कुणीतरी म्हणालं. अध्यक्षसाहेबांनी ध्वनिक्षेपकापाशी येऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, "बसून ऐकण्याची सवय नसते त्यांना. आपण सांभाळून घेऊ या." टाळ्या पडल्या.

टिटवीचं तोंड उघडंच होतं, पण त्यातून सूर निघत नव्हता. ती रंगमंचावरून उडी मारून मधल्या वाटेनं पळाली.

ती मिठागरावर पोहोचली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. सगळ्या राशी ताट्यांनी झाकलेल्या आणि राशींभोवती धापा टाकणारी माणसं उभी, एकमेकांकडे बघत. आईचं लुगडं कमरेपर्यंत चिखलानं भरलं होतं.

आईनं मारलं असतं तर टिटवीला बरं वाटलं असतं. आईनं नुसता आपला हात आपल्याच गळ्यावर ठेवला, दागिना चोरीला गेलाय का चाचपून बघावं तसा.

"अगं, लहान आहे ती," बाप म्हणाला.

"लहान आहे म्हणून पाऊस थांबतो का?" आई म्हणाली. "आज हे सगळे उगाच धावले. उद्या मी हाक देईन तेव्हा आधी मान वर करून बघतील. तेवढ्यात रास जाते."

डुलकीकाका बांधावर बसले, पाय चोळत म्हणाले, "माझं आयुष्यातलं पहिलं नाटक गं पोरी. त्यातही मीच काम केलं." कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खरा त्रास सुरू झाला. गाणं गावाला आवडलं होतं. दूधवाला सायकलवरून जाताना ते शिट्टीवर वाजवायचा. पोरं चढणीवरून घसरगुंडी करताना म्हणायची. आणि अध्यक्षसाहेब रोज सकाळी काठी घेऊन बांधावरून फिरायला यायचे, ते तर अगदी तल्लीन होऊन गुणगुणायचे. "मेघा रे मेघा, ऊं ऊं." त्यांच्या दोन्ही बाजूंना वाफ्यांतली माणसं दचकायची, फळ्या थबकायच्या.

टिटवी माणसांच्या खांद्यांकडे बघायची. सुरुवातीला गाणं कानावर पडलं की सगळे खांदे एकदम उडायचे. मग थोडे कमी. मग फक्त बायकांचे. एका दुपारी दूधवाल्यानं अगदी बांधाजवळून शिट्टी मारली आणि तिनं डुलकीकाकांकडे बघितलं. फळी धरून उभे होते, डोळे मिटलेले. शिट्टी वर चढली, तुटली. काका झोपलेलेच होते.

टिटवीच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच, चिखलाच्या पायांनी चढण चढली. टाचा न उचलता कलामंदिरात शिरली.

"ते गाणं म्हणू नका," ती म्हणाली. "ते गाणं नाही. ती हाक आहे. मी खोटं सांगितलं."

तिनं सगळं सांगितलं. राशी, ताट्या, काकांची झोप, सगळं. बाई पेटीवर हात ठेवून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"खोटं का बोललीस पण?" औषधवाल्याच्या मुलीनं विचारलं.

"तुम्ही हसलात म्हणून."

ती मुलगी खाली बघायला लागली.

अध्यक्षसाहेब तिथेच होते, पुढच्या मोठ्या कार्यक्रमाची आखणी चालली होती. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी टिटवीला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. "बाळ, कला कुणा एकाची नसते. सगळ्यांची असते."

"सगळ्यांची म्हणजे त्यांचीही ना, साहेब?" बाई म्हणाल्या. "मग त्यांना एकदा विचारायला नको होतं? चूक तिची कमी आणि माझी जास्त आहे. अर्थ विचारून मी थांबले, कामाचं काही विचारलंच नाही. हे गाणं काढून टाकू या."

"आणि ठेवायचं काय? पाहुणे तेवढ्यासाठी येणार आहेत. शिवाय आता अख्खं गाव म्हणतंय. गावाचं तोंड शिवू का मी?"

टिटवीला एकच गोष्ट माहीत होती, ती तिनं सांगितली. "ज्याला हाक येते त्यानं ताटी उचलायची असते. आमच्यात तसं आहे."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "म्हणजे आम्हीसुद्धा?" कुणीतरी विचारलं.

अध्यक्षसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. "वा! ताटी! छान कल्पना आहे. मागे पडद्यावर एक खरीखुरी ताटी लावू. मागून उजेड सोडू. तुमच्या लोकांचा मानही राहील."

दोनच दिवसांत मुकादमानं ताटी वर पाठवून दिली. कलामंदिरातून निरोप आलेला, मग तो विचारतो कुणाला? टिटवीच्या घरच्या राशीची होती, सगळ्यांत दाट विणीची. बापानं आणि डुलकीकाकांनी ती दोन टोकांना धरून चढण चढवली आणि पहारेकऱ्यानं दाखवलेल्या आकड्यांना अडकवली. तिच्या मागून पिवळा दिवा लावला. काड्यांच्या फटींतून उजेड झिरपायला लागला. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोला. खाली दोरी बांधून एक पाटीही लावली, हात लावू नये.

"आपली ताटी मोठ्या पदावर गेली," बाप घरी येऊन म्हणाला. "आता रास भिजली की तिला अर्ज करू."

आईनं आपल्या राशीच्या, आता झाकायला ताटी नसलेल्या, बाजूकडे एकदा बघितलं आणि फळी घेऊन वाफ्यात उतरली. त्या राशीवर पुढच्या हंगामापर्यंतचं घर चालायचं होतं.

टिटवीला पथकातून कुणी काढलं नाही. तिलाच आता जावंसं वाटत नव्हतं. पण आई म्हणाली, "जा. सोडून आलीस तर तिथे आपलं कोण राहील? ती ताटी तरी डोळ्यांसमोर राहील." म्हणून ती जायची. गाणं सुरू झालं की ओठ मिटून उभी राहायची. बाई तिला काही म्हणायच्या नाहीत. त्या सुरांवर पेटीही त्या वाजवायच्या नाहीत, पेटीवाले काका वाजवायचे.

आणि मग तो दिवस आला. भर दुपार, सराव चाललेला. उकाडा इतका की उघड्या खिडक्यांतूनही वारा येईना. मुलं घामानं चिकट झालेली. अध्यक्षसाहेब पहिल्या रांगेत बसून पायानं ठेका धरत होते. गाण्याच्या मध्ये खिडकीतून एकदम गार झुळूक आली आणि कागद उडाले. मुलांना बरं वाटलं. टिटवीच्या पायांना मात्र ती झुळूक ओळखीची वाटली.

तिच्यामागोमाग खालून, फार लांबून, एक आवाज आला. खालून सुरू होऊन वर चढत जाणारा, मग तुटणारा. पुन्हा तोच.

मुलं गायची थांबली. औषधवाल्याच्या मुलीच्या मागे उभा असलेला मुलगा हसून म्हणाला, "ए टिटवे, ऐक, तुझी आई आपलं गाणं म्हणतेय!"

टिटवी खिडकीकडे धावली. समुद्राच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होत वर येत होतं. खाली बांधावर आई उभी होती, ठिपक्याएवढी, हात वर करून. आणि वाफ्यांत माणसंही उभी होती. उभीच होती. काही जण चढणीकडे, कलामंदिराच्या खिडक्यांकडे बघत होते. पोरं गात असतील, दुसरं काय. आई पुन्हा ओरडली. एकदोघं हलले. डुलकीकाकांची आकृती फळीला टेकलेली होती, तशीच राहिली.

टिटवी वळली. पथकासमोर उभी राहिली. पोटातली सगळी हवा गोळा करून तिनं हाक दिली. बाईंनी जपून ठेवलेल्या, कार्यक्रमातून गळलेल्या घरच्या शब्दांत दिली. उठा, धावा. छतानं ती झेलली आणि खिडक्यांतून बाहेर सोडली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग बाई उठल्या. त्यांनी चपला काढल्या. "ऐकू आलं ना?" त्या मुलांना म्हणाल्या. "येतं ना तुम्हाला गाणं? मग चला!" आणि त्या अनवाणी दाराकडे धावल्या. औषधवाल्याच्या मुलीनं टिटवीकडे बघितलं आणि ती बाईंच्या मागे पळाली. तिच्या मागे तो हसणारा मुलगा, मग सगळे. पेटीवाले काका उठले तशी त्यांची खुर्ची फाटकन मिटली. पहारेकऱ्यानं फडकं टाकलं. चढणीवरून स्वच्छ कपड्यांतली मुलं हाक देत, ओरडत खाली सुटलेली वाफ्यातल्या माणसांनी बघितली असणार, कारण खालून एकदम गलका उठला आणि फळ्या पाण्यात पडल्याचे आवाज आले.

टिटवी मात्र दाराकडे गेली नाही. ती रंगमंचाच्या मागे गेली. दोरी ओलांडली, पाटी बाजूला केली आणि एका पेटाऱ्यावर चढून ताटी आकड्यांवरून सोडवली. ताटी धपकन खाली आली, मागचा दिवा उघडा पडला. तिनं एक टोक दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले आणि उचललं. या वेळी ती मागे पडली नाही. टोक गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. पण दुसरं टोक जमिनीवरच होतं.

रिकाम्या सभागृहात आता एकच माणूस उरला होता. पहिल्या रांगेत, हातात काठी, तोंड अर्धवट उघडं. बाहेर पहिले टपोरे थेंब खिडकीच्या काचेवर फुटायला लागले.

टिटवीनं ताटी फरफटत रंगमंचाच्या कडेपर्यंत ओढत आणली. लाकडी जमिनीवर पांढरे ठसे उठत गेले, तिनं बघितलंही नाही. कडेशी येऊन तिनं ताटी फिरवली आणि मोकळं टोक अध्यक्षसाहेबांच्या समोर धरलं.

"साहेब, तुम्हालाही येतं ना हे? रोज सकाळी म्हणता," ती म्हणाली. "मग धरा."